निदान आणि उपचार एकाच कणात

‘नॅनो’ हा शब्द आता खतापासून मोटारीपर्यंत सर्वांच्या कानावरून गेला आहे. अलीकडे माझ्या दवाखान्यातही तो ऐकू येतो. कर्करोगाच्या रुग्णांचे नातेवाईक विचारतात, “डॉक्टर, नॅनो इंजेक्शनने गाठ दिसतेही आणि जळतेही म्हणे. मग ऑपरेशन कशाला?” या प्रश्नाच्या उत्तरावर एखाद्याचा जीव अवलंबून असतो, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

नॅनो म्हणजे किती लहान?

एका मीटरचे १०० कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपला केस साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो. रक्तातील तांबडी पेशी सुमारे ७ हजार नॅनोमीटरची. औषधात वापरले जाणारे नॅनोकण मात्र बहुधा १००-२०० नॅनोमीटरच्या आतले असतात.

कल्पना जुनीच

एकाच पदार्थाने रोग पाहायचा आणि त्यानेच तो मारायचा, ही कल्पना नवी नाही. थायरॉइड ग्रंथी आयोडीन ओढून घेते. म्हणून थायरॉइडच्या कर्करोगात १९४० च्या दशकापासून किरणोत्सर्गी आयोडीन दिले जाते. त्यातून निघणारे गॅमा किरण कॅमेऱ्यात दिसतात आणि रोग कुठे आहे ते कळते. त्याच आयोडीनचे बीटा किरण तिथल्या पेशी मारतात. आपल्या देशात हे आयोडीन तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात तयार होते. पण प्रत्येक कर्करोगाला आयोडीनसारखे आवडते खाद्य नसते. तिथे नॅनोकणांची आठवण होते.

कण गाठीत शिरतात कसे?

गाठ घाईघाईने वाढते, त्यामुळे तिच्या रक्तवाहिन्या जुन्या नळासारख्या गळक्या राहतात. त्या फटींतून सूक्ष्म कण बाहेर पडतात आणि गाठीत साठून राहतात. जपानमधील मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६ मध्ये हे दाखवून दिले. याच तत्त्वावर चरबीच्या सूक्ष्म कुपीत भरलेले डॉक्सोरुबिसिन हे औषध आले. अमेरिकेत त्याला १९९५ मध्ये मान्यता मिळाली आणि आपल्याकडेही ते वापरले जाते. साध्या डॉक्सोरुबिसिनने हृदयाला होणारा त्रास यात कमी होतो. मात्र हे औषध फक्त उपचार करते, गाठ दाखवत नाही.

दोन्ही कामे करणारा कण

फ्रान्समध्ये गॅडोलिनियम या धातूचे सुमारे ५ नॅनोमीटरचे कण तयार करण्यात आले. गॅडोलिनियममुळे एमआरआयमध्ये गाठ उठून दिसते. शिवाय हा जड धातू असल्याने त्यावर क्ष-किरण पडले की आजूबाजूला इलेक्ट्रॉन उडतात आणि शेजारच्या पेशींना जास्त इजा होते. म्हणजे कण स्वतः गाठ जाळत नाही, तो रेडिएशनचा मारा धारदार करतो. ग्रेनोबल येथे मेंदूत कर्करोग पसरलेल्या १५ रुग्णांवर याची पहिली चाचणी झाली. कण शिरेतून दिले, ते गाठीत साठलेले एमआरआयमध्ये दिसले आणि डोस वाढवूनही रुग्णांना ते सोसले. पण १५ रुग्णांवरून सुरक्षिततेचा अंदाज येतो, आयुष्य वाढते असा निष्कर्ष काढता येत नाही.

अडचण कुठे आहे?

२०१६ मध्ये दहा वर्षांतील प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला गेला. प्राण्यांना टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोचलेल्यांचे प्रमाण मध्यम हिशेबाने ०.७ टक्के निघाले! शंभर पोती धान्य पाठवावे आणि गावात पाऊण पोतेही पोचू नये, तसा हा प्रकार. बरेचसे कण यकृत आणि प्लीहा अडवून ठेवतात. शिवाय उंदराची गाठ आणि माणसाची गाठ सारखी नसते. प्रयोगशाळेत यशस्वी झालेले बहुतेक कण रुग्णापर्यंत का येत नाहीत, ते यावरून कळेल.

वाचकांनी काय करावे?

१) नॅनो उपचाराच्या आशेवर ऑपरेशन, केमोथेरपी किंवा रेडिएशन लांबवू नये. वेळेत सापडलेल्या अनेक गाठी याच उपचारांनी बऱ्या होतात.

२) ‘नॅनो’ नावाच्या पुड्या, थेंब किंवा भस्म कुणी कर्करोगावर विकत असेल, तर घेऊ नये. कोणत्या रुग्णांवर, कोणत्या रुग्णालयात चाचणी झाली, एवढे विचारावे.

३) कुणी चाचणीत भाग घ्यायला सांगितले, तर ती सरकारी क्लिनिकल ट्रायल नोंदणीत आहे का ते पाहावे. संमतिपत्र आपल्या भाषेत मागावे आणि ते घरी नेऊन सावकाश वाचावे. प्रायोगिक औषधाचे पैसे मागितले तर सावध व्हावे.

४) मूत्रपिंडाचा विकार असल्यास एमआरआयचे इंजेक्शन घेण्यापूर्वी डॉक्टरांना जरूर सांगावे. गॅडोलिनियम बहुतांशी लघवीवाटेच बाहेर पडते.

५) बायोप्सीचा रिपोर्ट, स्लाइड आणि ब्लॉक जपून ठेवावेत. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेताना तेच लागतात.

उद्या हे कण खरोखरच उपयोगी ठरतील, अशी मला आशा आहे. पण तीन आठवड्यांत न भरलेला तोंडातला व्रण किंवा स्तनातली न दुखणारी गाठ उद्यापर्यंत थांबत नाही. अशी तक्रार असेल तर या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा.