गड आणि नगर : प्राग

प्रस्तावना

युरोपच्या प्रवासाला जाणाऱ्यांमध्ये आता सर्व थरांतील माणसे असतात. कोणी परदेशी असलेल्या मुलाकडे जातो, कोणी नोकरीच्या निमित्ताने, तर कोणी वर्षानुवर्षे थोडे थोडे पैसे साजूक ठेवून आयुष्यात एकदाच जातो. अशा प्रवाशाजवळ दिवस मोजके असतात आणि पैसाही मोजकाच असतो. तरीही बारा दिवसांत सात देश, एका दिवसात दोन किल्ले अशी आखणी सर्रास केली जाते. परतल्यावर छायाचित्रे पुष्कळ उरतात, पण कोणता बुरूज कोणत्या गावी पाहिला हे मात्र आठवत नाही.

या पाठात आपण चेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग, तेथील गड आणि जवळचा कार्लश्टेइन किल्ला यांची ओळख करून घेणार आहोत. हे माहितीपर गद्य आहे. प्रवासाची व्यावहारिक माहिती आणि इतिहास ही दोन्ही त्यात एकत्र कशी येतात, याकडे वाचताना लक्ष द्या.

मूळ पाठ

इंग्रजीतील ‘कॅसल’ या शब्दासाठी आपण सरसकट ‘किल्ला’ हा शब्द वापरतो. आपल्या मनात किल्ला म्हटले की तटबंदी, बुरूज, दरवाजे, पाण्याची टाकी आणि शेवटी बालेकिल्ला असे चित्र उभे राहते. युरोपात ‘कॅसल’ या नावाखाली मात्र अगदी निरनिराळ्या वास्तू येतात. कोठे ती राज्यकारभाराची जागा असते, कोठे खजिन्याची तिजोरी, तर कोठे एखाद्या राजाची नुसती हौस. म्हणून दरवाजातून आत जाण्यापूर्वीच प्रवाशाने स्वतःला विचारावे, की ही वास्तू कोणी आणि कशासाठी बांधली? या एका प्रश्नाचे उत्तर माहीत असेल, तर कोठे दोन तास थांबायचे आणि कोठे दहा मिनिटांत पुढे जायचे हे आपोआप ठरते.

प्रागचा गड व्हल्तावा नदीच्या डाव्या तीरावर, टेकडीच्या माथ्यावर आहे. त्याची स्थापना इ. स. ८८० च्या सुमारास झाली. सुमारे ७०,००० चौरस मीटर क्षेत्रावर पसरलेला हा गड म्हणजे एक इमारत नव्हे, तर छोटे गावच आहे. त्यात राजवाडे आहेत, चर्च आहेत, चौक आहेत, गल्ल्या आहेत. बोहेमियाचे राजे येथून राज्य करीत आणि आज चेक प्रजासत्ताकाच्या राष्ट्राध्यक्षांचे कार्यालयही येथेच आहे. हजार वर्षांहून अधिक काळ सत्तेचे आसन राहिलेली ही वास्तू असल्यामुळे ती एका काळाची नाही. प्रत्येक पिढीने तिच्यात काही ना काही भर घातली आहे.

याचा उत्तम नमुना म्हणजे गडावरील संत विटस यांचे कॅथिड्रल. चौथा चार्ल्स, ज्याला चेक लोक कारेल म्हणतात, याच्या पुढाकाराने १३४४ मध्ये त्याचे काम सुरू झाले. पुढे धर्मयुद्धे आली, पैसा संपला, काम थांबले. ते पूर्ण झाले १९२९ मध्ये. पायाभरणी आणि पूर्तता यांत ५८५ वर्षे गेली. पश्चिमेकडील उंच दर्शनी भाग पाहून प्रवासी ‘केवढे प्राचीन!’ असे उद्गारतात; पण तो भाग बहुतांशी एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांतील आहे. चौदाव्या शतकातील काम पाहायचे असेल, तर पूर्वेकडे, पेटर पार्लर या स्थपतीने उभारलेल्या भागाकडे जावे. आतील एक रंगीत काचेची खिडकी आल्फोन्स मुखा या चित्रकाराची आहे. तीही १९३१ ची.

कॅथिड्रलपुढे जुना राजवाडा लागतो. तेथील व्लादिस्लाव दालन ६२ मीटर लांब असून मध्ये एकही खांब नाही. या दालनात घोडेस्वारांच्या भाल्यांच्या झुंजी होत. घोडे वर आणण्यासाठी मुद्दाम रुंद आणि कमी चढाचा जिना बांधलेला आहे. तो आजही पाहता येतो. आता याच दालनात राष्ट्राध्यक्षांचा शपथविधी होतो.

बहुतेक प्रवासी हे भव्य दालन पाहून बाहेर पडतात. माझ्या मते गडावरील सर्वांत महत्त्वाची जागा त्यालाच लागून असलेल्या एका साध्या कचेरीत आहे. २३ मे १६१८ रोजी बोहेमियाचे संतप्त प्रॉटेस्टंट सरदार या कचेरीत शिरले. सम्राटाच्या कॅथलिक अधिकाऱ्यांनी आपल्या धर्मस्वातंत्र्यावर घाला घातला, अशी त्यांची तक्रार होती. वादावादीनंतर त्यांनी स्लावाता आणि मार्टिनित्स हे दोन अधिकारी आणि त्यांचा चिटणीस यांना उचलून खिडकीबाहेर फेकले. खिडकी चांगली उंच होती, पण तिघेही वाचले. कॅथलिकांनी म्हटले, मेरीमातेने झेलले. प्रॉटेस्टंटांनी म्हटले, उकिरड्यावर पडले म्हणून वाचले. या घटनेतून पेटलेला संघर्ष १६४८ पर्यंत चालला. त्यालाच तीस वर्षांचे युद्ध म्हणतात. मध्य युरोपातील कित्येक प्रदेश त्यात उजाड झाले आणि लाखो माणसे मेली. ज्याला हे माहीत नाही त्याच्या दृष्टीने ती एक खिडकी आहे. बाहेर शहराची लाल छपरे दिसतात, एवढेच. ज्याला माहीत आहे तो तेथे थोडा वेळ तरी गप्प उभा राहतो.

गडावरील सोनेरी गल्ली मात्र लहान आणि नेहमी गर्दीची असते. तटाला चिकटून बांधलेली ती बुटकी, रंगीत घरे एकेकाळी गडाच्या पहारेकऱ्यांची होती. २२ क्रमांकाच्या घरात फ्रान्झ काफ्का हा लेखक १९१६-१७ मध्ये लेखनासाठी येत असे. काफ्का वाचलेला नसेल, तर येथे फार वेळ घालवू नये.

आता थोडे व्यवहाराचे. गडाच्या चौकांत फिरायला पैसे पडत नाहीत. कॅथिड्रलचा आतील मुख्य भाग, जुना राजवाडा आणि सोनेरी गल्ली यांसाठी तिकीट काढावे लागते. हे तिकीट दोन दिवस चालते, ही सोय पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पहिल्या दिवशी दुपारी राजवाडा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कॅथिड्रल असे केले, तर पायही दुखत नाहीत आणि मनही शिणत नाही. रविवारी सकाळी प्रार्थना असल्यामुळे कॅथिड्रल दुपारपर्यंत प्रवाशांना बंद असते. हिवाळ्यात इमारती उन्हाळ्यापेक्षा लवकर बंद होतात. चढ टाळायचा असेल तर २२ क्रमांकाच्या ट्रामने गडाजवळ उतरावे आणि परतताना पायऱ्यांनी उतरत नदीकडे यावे. रस्ते दगडी चिऱ्यांचे आहेत. पातळ तळव्याची चप्पल तेथे निरुपयोगी ठरते.

ट्राममध्ये वाहक नसतो. कागदी तिकीट घेतले असेल, तर ते यंत्रात घालून त्यावर वेळेचा छाप उठवावा लागतो. खिशात कोरे तिकीट असणे म्हणजे तिकीट नसणेच, आणि तपासनीस भेटला तर दंड होतो. चेक प्रजासत्ताक २००४ पासून युरोपीय संघात आहे, पण तेथील चलन युरो नसून कोरुना आहे. जुन्या शहरात पैसे बदलून देणारी दुकाने पावलोपावली दिसतात. त्यांच्यापैकी काहींच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत दिसणारा भाव वेगळा आणि हातात पडणारी रक्कम वेगळी असते. नोट पुढे करण्याआधी ‘एवढ्या युरोचे मला नेमके किती कोरुना मिळतील?’ हे विचारून कागदावर लिहून घ्यावे. संकोच करू नये. पैसा आपल्या घामाचा असतो.

शाकाहारी माणसाने ‘बेझ मासा’ हे दोन शब्द पाठ करावेत. मराठी कानाला ते विपरीत वाटतील, पण त्यांचा अर्थ ‘मांसाविना’ असा आहे. चेक ‘मासो’ आणि संस्कृत ‘मांस’ हे शब्द एकाच प्राचीन भाषाकुळातून आलेले आहेत. इतक्या दूरच्या भोजनपत्रिकेवर आपल्या भाषेचा असा नातलग भेटतो, याची मला नेहमी गंमत वाटते. मात्र सूप कशात उकळले आहे हे वेगळे विचारावे लागते.

चौथ्या चार्ल्सने १३५७ मध्ये पायाभरणी केलेला दगडी पूल गडाकडील वस्तीला जुन्या शहराशी जोडतो. पुलाची लांबी ५१६ मीटर आहे आणि त्यावर संतांचे ३० पुतळे अथवा पुतळासमूह आहेत. त्यांपैकी अनेक आता प्रतिकृती आहेत. दुपारी तेथे पाऊल ठेवायला जागा नसते. सूर्योदयाच्या वेळी गेलात, तर पूल, नदी आणि वरचा गड हे तिन्ही एकमेकांशी कसे बांधलेले आहेत ते एका दृष्टीत कळते.

प्राग हे सत्तेचे आसन, तर कार्लश्टेइन ही त्याच राजाची तिजोरी. चौथ्या चार्ल्सने १३४८ मध्ये हा किल्ला बांधायला घेतला. प्रागपासून तो नैर्ऋत्येला सुमारे ३० किलोमीटरवर आहे. मुख्य स्थानकावरून लोकल गाडीने पाऊण तासाच्या आत तेथे पोहोचता येते आणि पुढे सुमारे दोन किलोमीटर चढ चालावा लागतो. साम्राज्याची राजचिन्हे आणि पवित्र अवशेष सुरक्षित ठेवणे हा या किल्ल्याचा हेतू होता. तो लक्षात घेतला, की बांधणीचा अर्थ कळतो. सर्वांत खाली विहिरीचा बुरूज, त्यावर राजाचे निवासस्थान, त्याहून वर मेरीमातेचा बुरूज आणि सर्वांत उंचावर महाबुरूज अशी ही चढती रचना आहे. आपल्या भाषेत सांगायचे, तर महाबुरूज हा बालेकिल्ला. फरक इतकाच, की त्यात राजा राहत नसे, तेथे पवित्र क्रुसाचे प्रार्थनागृह होते. त्याच्या भिंतींत रंगीत मौल्यवान खडे जडवलेले आहेत आणि थेओडोरिक या चित्रकाराची १२९ चित्रे लावलेली आहेत.

किल्ल्याची खरी कसोटी पाण्यावर लागते, हे डोंगरी किल्ले पाहिलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. कार्लश्टेइनची विहीर सुमारे ७८ मीटर खोल खोदूनही झरा लागला नाही. शेवटी जवळच्या ओढ्याचे पाणी जमिनीखालून विहिरीत आणले गेले. अर्थात तो मार्ग शत्रूला कळला असता, तर किल्ला तहानेने पडला असता. म्हणून तो गुप्त ठेवणे भाग होते. १४२२ मध्ये हुसपंथीयांनी काही महिने वेढा घातला, तरी किल्ला पडला नाही.

येथे आत एकट्याने हिंडता येत नाही. वाटाड्याबरोबर ठरलेल्या वेळीच जावे लागते. प्रार्थनागृहाची फेरी वेगळी असते. ती वर्षातील काही महिनेच चालते आणि एका वेळी थोड्याच लोकांना नेतात, म्हणून तिचे आरक्षण घरून निघण्यापूर्वी करावे. चेक देशातील बहुतेक किल्ले सोमवारी बंद असतात. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आज दिसणारी छपरे आणि तटांचे बरेचसे रूप एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या जीर्णोद्धाराचे आहे. ते सुबक आहे, पण ते त्या काळाने कल्पिलेले मध्ययुग आहे.

असे कल्पिलेले मध्ययुग संपूर्णपणे पाहायचे असेल, तर जर्मनीतील नॉयश्वानश्टाइन. बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग याने १८६९ मध्ये ते बांधायला सुरुवात केली. तोफांच्या त्या युगात अशा मनोऱ्यांचा संरक्षणासाठी काहीच उपयोग नव्हता. आत नळाचे पाणी आणि उष्ण हवेने खोल्या तापवण्याची सोयही होती. १८८६ मध्ये राजा मरण पावला आणि काही आठवड्यांतच ही वास्तू लोकांसाठी खुली झाली. ती बाहेरून पाहावी, समोरच्या पुलावरून पाहावी. आतील फेरी अवघी अर्ध्या तासाची असते. जुलै २०२५ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या जागतिक वारसा समितीच्या अधिवेशनात लुडविगचे राजवाडे वारसायादीत आले. त्याच अधिवेशनात मराठ्यांचे १२ किल्लेही त्या यादीत आले. ११ महाराष्ट्रातील आणि एक तमिळनाडूतील जिंजी. एक हौसेसाठी बांधलेला, दुसरे राज्य राखण्यासाठी. यादी मात्र एकच.

निघण्यापूर्वीची कामेही सांगितली पाहिजेत. भारतीय नागरिकाला या देशांसाठी शेंगेन व्हिसा लागतो. जेथे मुक्काम सर्वांत जास्त, त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. तो पंधरा दिवसांच्या आत आणू नये. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा आवश्यक असतो. परतीच्या तारखेनंतर पारपत्राची मुदत निदान तीन महिने उरलेली असावी. ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचे छायाचित्र घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे. त्यामुळे विमानतळावर रांगेसाठी हाताशी वेळ ठेवावा.

पाच दिवस असतील तर तीन प्रागला, एक कार्लश्टेइनला आणि एक मोकळा ठेवावा. पाऊस त्याच दिवशी पडतो असे नाही, पण पडला तर कार्यक्रम कोसळत नाही.

शब्दार्थ

स्थपती – वास्तू रचणारा, शिल्पज्ञ. पारपत्र – पासपोर्ट. राजचिन्हे – राजमुकुट, राजदंड इत्यादी. जीर्णोद्धार – मोडकळीस आलेल्या वास्तूची पुन्हा उभारणी. हुसपंथीय – यान हुस या धर्मसुधारकाचे अनुयायी.

स्वाध्याय

१. जुन्या राजवाड्यातील कचेरीची खिडकी लेखकाला महत्त्वाची का वाटते?

२. कार्लश्टेइन किल्ल्याची चढती रचना आणि त्याचा हेतू यांचा संबंध तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.

३. ‘ते त्या काळाने कल्पिलेले मध्ययुग आहे,’ या विधानाचा अर्थ सांगा.

४. तुम्ही राहता त्या परिसरातील एखादी जुनी वास्तू निवडा. ती कोणी व कशासाठी बांधली, हे जाणून घेऊन बाहेरगावच्या पाहुण्यासाठी दहा-बारा ओळींत माहिती लिहा. तिकीट, वेळ आणि पोहोचण्याचा मार्ग यांचाही उल्लेख करा.