जाड पायांची अक्षरं

वर्डमध्ये ‘रॉकवेल’ हा फॉन्ट कधी नीट पाहिलाय? मोनोटाइप कंपनीने तो १९३४ मध्ये काढला. इंग्रजी अक्षरांच्या टोकांना जी आडवी पट्टी असते, तिला सेरिफ म्हणतात. ‘टाइम्स’मध्ये ती निमुळती होत जाते, रॉकवेलमध्ये मात्र सरळ, चौकोनी आणि जवळपास दांड्याइतकीच जाड. हाच स्लॅब सेरिफ. १९व्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये जाहिराती वाढल्या, तेव्हा लांबून दिसणारं अक्षर हवं होतं. त्यातून ही जात आली. खराब झेरॉक्समध्येही तिची टोकं सहसा पुसली जात नाहीत. म्हणून पोस्टर, पाटी, मथळा यांना ती शोभते. पण अख्खा प्रोजेक्ट रिपोर्ट त्यात छापू नका! पान काळवंडतं, वाचणारा थकतो. बीमसुद्धा आपण लोड पाहूनच निवडतो ना?