नळीतून जेवण

पक्षाघात झालेला, बेशुद्ध किंवा तोंडाची शस्त्रक्रिया झालेला रुग्ण अनेकदा गिळू शकत नाही, पण त्याचं पोट काम करत असतं. त्याच्या नाकातून पोटात रायल्स ट्यूब घालतात. ती घालायला काही मिनिटं पुरतात. पुढे दर दोन-तीन तासांनी फीड देणं हे वॉर्डातल्या सिस्टरचं काम.

आधी हात धुवा आणि पलंगाची डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर करा. सपाट झोपलेल्या रुग्णाला फीड द्यायचंच नाही. शुद्ध नसली तरी सांगायचं, "आजोबा, आता नळीतून दूध देते हं."

मग नळी जागेवर आहे का ते बघा. यात घाई करू नका. नळी पहिल्यांदा घातली की एक्स-रेनेच खात्री करतात आणि नाकपुडीपाशी किती सेंटिमीटरची खूण आली ते लिहून ठेवतात. प्रत्येक फीडआधी ती खूण तीच आहे का, चिकटपट्टी सुटली आहे का, तोंडात नळीचं वेटोळं झालं आहे का, हे पाहायचं. सिरिंजने थोडा द्राव ओढून पीएच पट्टीवर टाका, ५.५ किंवा कमी आला तर नळी पोटात आहे. पॅन्टोप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी चालू असेल तर आकडा वर जातो. अशा वेळी अंदाज नको, डॉक्टरांना कळवा. हवा सोडून स्टेथोस्कोपने पोटावर 'गुडगुड' ऐकायची सवय अजून बऱ्याच ठिकाणी आहे. पण नळी फुफ्फुसात असली तरी तसा आवाज येऊ शकतो, त्यावर भिस्त ठेवू नका.

नळी चिमटीत दाबून ५० मिलीच्या सिरिंजचं नळकांडं जोडा, दट्ट्या बाजूला ठेवा. आधी ३० मिली पाणी. मग कोमट, गाळलेलं फीड, एका वेळी साधारण २०० ते २५० मिली. सिरिंज पोटापेक्षा वीतभर वर धरली की ते आपसूक उतरतं. दट्ट्याने ढकलू नका, पंधरा-वीस मिनिटं लागू द्या. नळकांडं पूर्ण रिकामं होण्याआधीच पुढचं ओता, नाहीतर पोटात हवा जाते. खोकला, धाप, ओठ निळे पडणं, उलटी, यातलं काहीही दिसलं की लगेच थांबा आणि डॉक्टरांना बोलवा. शेवटी पुन्हा ३० मिली पाणी, टोपण बंद, आणि तासभर डोकं वरच.

गोळ्या फीडमध्ये मिसळू नका. एकेक गोळी बारीक कुटून पाण्यातून द्या, दोन औषधांच्या मध्ये पाणी सोडा. 'एसआर' लिहिलेली (औषध हळूहळू सोडणारी) किंवा आतड्यात विरघळणारी गोळी कुटायची नाही. तिच्याऐवजी काय द्यायचं ते डॉक्टरांना विचारा.

तोंडाने काही जात नाही म्हणून तोंड स्वच्छ करणं राहून जातं, तेही करा. नाकपुडीला नळी रुतत असेल तर चिकटपट्टीची जागा बदला. किती दिलं आणि किती वाजता, हे पाण्यासकट इनटेक-आउटपुट चार्टवर लिहा.

रुग्ण नळीसह घरी जाणार असेल तर नातेवाइकांकडून हे सगळं सिस्टरसमोर करून घ्यावं. पेजेचं किंवा डाळीच्या पाण्याचं फीड ताजं करून बारीक गाळायचं, दोन तासांहून जास्त बाहेर ठेवलेलं वापरायचं नाही. नळी निघाली किंवा बाहेर सरकली तर ती घरी आत ढकलायची नाही, फीड बंद ठेवून रुग्णालय गाठायचं.