ठिपके नसलेला ठिपकेदार तुतवार

चि. मुक्ता,


शास्त्रीय नावं आपण पाठ करायची आणि शास्त्रज्ञांनी ती बदलायची, मग पाठ करायचीच कशाला, ही तुझी तक्रार. तुझ्या तिकडच्या नदीकाठचा ठिपकेदार तुतवार जुन्या पुस्तकात ‘अ‍ॅक्टायटिस मॅक्युलेरिया’ आहे आणि नव्यात ‘मॅक्युलेरियस’, म्हणून तू वैतागलीस. पण बदललं काय ते नीट बघ. लिनियसने 1766 मध्ये त्याला ‘ट्रिंगा मॅक्युलेरिया’ म्हटलं. पुढे पक्षी अ‍ॅक्टायटिस प्रजातीत गेला. जातीचं नाव विशेषण असेल, तर ते प्रजातीच्या लिंगाप्रमाणे चालवायचं, असा प्राणिशास्त्राच्या नामकरणाचा नियम आहे. ट्रिंगा स्त्रीलिंगी, अ‍ॅक्टायटिस पुल्लिंगी. काळी घोडी, काळा घोडा म्हणणाऱ्या आपल्याला याचं नवल वाटायला नको. लिनियसचं नाव आणि साल तसंच राहिलं. फक्त ते कंसात गेलं. पक्ष्याने प्रजाती बदलल्याची नोंद त्या कंसातच असते.

तू म्हणशील, हिवाळ्यात त्याचं पोट स्वच्छ पांढरं असतं, मग ठिपक्यांचं नाव खोटंच. शिवाय या पक्ष्यात मादी आधी येऊन हद्द राखते, एकामागून एक नर जोडते आणि अंडी बहुधा नरच उबवतात. तिला हे पुल्लिंगी नाव! पण व्याकरणाच्या लिंगाचा पक्ष्याच्या लिंगाशी संबंध नाही, आणि नाव म्हणजे वर्णनही नव्हे. शोभत नाही म्हणून नाव रद्द करता येत नाही, ही त्या नियमांतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट. नाहीतर प्रत्येक निरीक्षकाने आपलं बारसं केलं असतं.

लिंगाचा नियम हवाच कशाला, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. संगणकाला दोन शेवट म्हणजे दोन पक्षी. हा नियम सोडावा, असं मलाही वाटतं. पण म्हणून नावच सोडायचं कारण नाही. आपल्याकडे ‘तुतवार’ म्हणून ओळखले जाणारे पक्षी अनेक, त्यांतले काही ट्रिंगाचे. हिवाळ्यात आपल्या ओढ्याकाठी शेपूट हलवत फिरणारा सामान्य तुतवार मात्र अ‍ॅक्टायटिस हायपोल्यूकोस, आणि या प्रजातीत आज जाती दोनच: हा आणि तुझा. हे सख्खं नातं मराठी नावातून कळत नाही, इंग्रजीतूनही नाही.

तेव्हा वहीत नव्या नावाशेजारी जुनंही लिही, जुन्या नोंदी दोन्ही शेवटांनी शोध, आणि ठिपके दिसले नाहीत म्हणून पक्षी नाकारू नकोस.

तुझा,
काका