मालकाच्या रकान्यात कुणाचं नाव? : ओकलंडच्या रॅपर्सचे हिशेब लिहिताना शिकलेल्या दहा गोष्टी

मी मूळची जुन्नर तालुक्यातली. गेली अनेक वर्षं कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये हिशेबनीस म्हणून काम करते. माझ्याकडे येणाऱ्यांत कलावंत पुष्कळ, आणि त्यांतही रॅपर जास्त. कुठल्याही मोठ्या रेकॉर्ड कंपनीच्या पदरी नसलेले, स्वतः गाणी करणारे आणि स्वतःच ती विकणारे. गाणं कसं लिहावं हे मी कुणाला शिकवू शकत नाही. पण गाण्यातून आलेला पैसा कुठे अडतो, कुठे मुरतो आणि शेवटी कुणाच्या खिशात जातो, हे मी त्यांच्या पावत्या आणि करार चाळताना जवळून पाहिलं आहे. स्वतंत्र कलावंताचं नाव होतं ते आवाजामुळे. पण त्या नावावर त्याचं पोट भरतं की नाही, हे कागद ठरवतात. त्या कागदांनी मला जे शिकवलं, ते इथे लिहिते.

१. विकायला स्वतः उभं राहावं

ओकलंड, रिचमंड, वलेहो ही सगळी सान फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठची गावं. ऐंशीच्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांची मोठी ऑफिसं न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसला होती. इकडे कुणी फिरकत नव्हतं. मग टू शॉर्ट या पोरानं मित्राला सोबत घेऊन घरीच कॅसेटी भरल्या आणि ओकलंडच्या रस्त्यांवर विकल्या. गिऱ्हाइकानं सांगितलं तर त्याचं नाव गुंफून गाणं करून द्यायचे. १९८७ साली 'बॉर्न टू मॅक' हा अल्बम त्यानं गाडीच्या डिकीतून विकला, आणि त्यानंतर जाइव्ह रेकॉर्ड्सनं त्याला शोधलं. वलेहोच्या ई-४० नं भाऊ, बहीण आणि नात्यातल्या बी-लेजिटला घेऊन 'द क्लिक' हा गट काढला आणि 'सिक विड इट' ही घरचीच रेकॉर्ड कंपनी उभी केली. १९९४ मध्ये त्यानं जाइव्हशी करार केला तेव्हा त्याचं गिऱ्हाईक आधीच बांधलेलं होतं. मास्टर पी मूळचा न्यू ऑर्लिन्सचा, पण 'नो लिमिट' या नावाचं त्याचं रेकॉर्डचं दुकान होतं रिचमंडमध्ये. लोक काय मागतात आणि काय परत ठेवून जातात, हे त्याला गल्ल्यावर बसून कळलं.

माझ्या क्लायंटांपैकी जे कार्यक्रमानंतर टी-शर्टांच्या टेबलामागे स्वतः उभे राहतात, त्यांना आपले ऐकणारे नावानिशी माहीत असतात. पुढे कंपनीसमोर बसताना त्यांच्या बोलण्याला वजन येतं ते यामुळेच.

२. मास्टर कुणाच्या नावावर, हे आधी पाहावं

एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. एक म्हणजे शब्द आणि चाल. दुसरी म्हणजे त्या गाण्याचं प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण. त्याला इथे मास्टर म्हणतात. नेहमीच्या करारात कंपनी पैसे पुरवते आणि मास्टर आपल्या नावावर करून घेते. जाहिरातीत, सिनेमात, खेळात ते गाणं वाजवायचं तर परवानगी द्यायची कंपनीनं, आणि मोबदल्यातला मोठा वाटाही तिचाच.

मास्टर पीचं मोठेपण मला इथे दिसतं. १९९६ साली प्रायॉरिटी रेकॉर्ड्सबरोबर त्यानं केलेला वितरणाचा करार या धंद्यात आजही दाखल्यासारखा सांगतात: मास्टर त्याच्याकडे, उत्पन्नातले ८५ टक्के त्याचे, १५ टक्के वितरकाचे. माल दुकानात पोहोचवून देणाऱ्याला त्यानं पोहोचवण्याचेच पैसे दिले. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात ३५ वर्षांनी हक्क परत मागण्याची सोय आहे, पण ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत कंपन्या त्यावरही वाद घालतात. विशीतल्या मुलानं पंचावन्नाव्या वर्षाची वाट पाहण्यापेक्षा सहीच्या वेळी भांडलेलं बरं.

३. ॲडव्हान्स म्हणजे उचल

आमच्या नारायणगावाकडे तमाशाचे फडमालक हंगामाआधी सावकाराकडून उचल घेतात आणि वर्षभराच्या सुपाऱ्या ती फेडण्यात जातात. रेकॉर्ड कंपनीचा ॲडव्हान्स त्याच जातीचा असतो. फरक इतकाच, की तो फिटला नाही तर कंपनी सहसा घरादारावर येत नाही. बाकी मात्र पुढच्या अल्बमच्या खात्यावर चढते.

यातलं गणित फार थोडे लोक मांडून पाहतात. समजा, कलावंताला एक लाख डॉलर ॲडव्हान्स मिळाला आणि त्याची रॉयल्टी १५ टक्के ठरली. ॲडव्हान्स वळता होतो तो त्या १५ टक्क्यांतूनच. म्हणजे गाण्यांनी साडेसहा लाखांहून जास्त डॉलर कमावल्याशिवाय त्याला रॉयल्टीचा पुढचा डॉलर दिसत नाही. तोवर कंपनीच्या ८५ टक्क्यांची कमाई चालूच असते. स्टुडिओचं भाडं आणि व्हिडिओचा काही खर्चही बहुधा याच खात्यात टाकतात.

एक तरुण रॅपर असा करार घेऊन माझ्याकडे आली होती. मी हे आकडे एका कोऱ्या कागदावर मांडून तिच्यापुढे ठेवले. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे ते मला माझेच पैसे देतायत, आणि वर गाणं घेऊन जातायत." तिनं मास्टर विकायला नकार दिला आणि ठरावीक वर्षांपुरता परवाना देऊ केला. रक्कम कमी मिळाली, पण मुदत संपली की गाणी तिच्याकडे परत येणार आहेत. तिचा मला अभिमान वाटतो.

४. वाटणी त्याच रात्री लिहावी

स्टुडिओत पहाटे तीनला चौघं मिळून गाणं पुरं करतात. बीट एकाचं, ध्रुवपद दुसरीचं, कडवी आणखी दोघांची. तेव्हा सगळे जिवाभावाचे असतात, म्हणूनच कुणी कागद काढत नाही. इथल्या कायद्यानं, वेगळं काही लिहिलेलं नसेल तर सामाईक कृतीचे सगळे कर्ते समान भागीदार धरले जातात. ज्यानं एकच ओळ सुचवली त्याचा भागही संपूर्ण कडवं लिहिणाऱ्याइतकाच, असा दावा त्यातून उभा राहू शकतो.

एका गाण्याला मालिकेकडून चांगली मागणी आली होती. वाटणी लिहिलेली नव्हती, एकानं हरकत घेतली आणि वितरकानं सगळ्यांचेच पैसे रोखले. मालिकेनं दुसरं गाणं घेतलं. चौघांपैकी दोघं अजून एकमेकांशी बोलत नाहीत. नावं, टक्के, तारीख आणि सह्या, एवढ्या एका पानाला इथे स्प्लिट शीट म्हणतात. ते पान मैत्रीवरचा अविश्वास असल्यासारखं कुणाला वाटलं, तर मी सांगते की मैत्री टिकावी म्हणूनच ते लिहायचं.

५. दुसऱ्याचा सूर विचारून घ्यावा

हिपहॉप जुन्या रेकॉर्डच्या तुकड्यांवर वाढलं. अशा तुकड्याला सॅम्पल म्हणतात. १९९१ मध्ये रॅपर बिझ मार्की याच्याविरुद्ध न्यूयॉर्कच्या न्यायालयानं निकाल दिला आणि विनापरवाना सॅम्पल वापरण्याचा काळ संपला. डी ला सोल या गटाचे गाजलेले जुने अल्बम मार्च २०२३ पर्यंत स्ट्रीमिंगवर येऊ शकले नाहीत. जुन्या करारांत सॅम्पलचे डिजिटल हक्क नीट नोंदलेले नव्हते, हे त्याचं एक मोठं कारण. ते सुरू होण्याच्या काही आठवडे आधीच गटातला ट्रूगॉय वारला. परवानगीचा कागद वेळेवर असता, तर त्याला आपली गाणी नव्या पिढीच्या कानांत पडताना पाहता आली असती.

६. पैसा मागितल्याशिवाय येत नाही

नवा कलावंत वितरकाचा अहवाल उघडतो आणि समजतो की एवढीच आपली कमाई. पण ते फक्त मास्टरचे पैसे असतात. गीत आणि चालीच्या जाहीर वादनाचे पैसे ॲस्कॅप किंवा बीएमआयसारख्या संस्थेकडून येतात. स्ट्रीमिंगसाठी गीत-चालीची प्रत वापरल्याचा, म्हणजे मेकॅनिकल हक्काचा, मोबदला २०२१ पासून मेकॅनिकल लायसन्सिंग कलेक्टिव्ह गोळा करते. उपग्रह आणि इंटरनेट रेडिओवर मुद्रण वाजलं तर त्याचे पैसे साउंडएक्स्चेंज या संस्थेकडे. तिथे ५० टक्के मास्टरच्या मालकाला, ४५ टक्के मुख्य कलावंताला आणि ५ टक्के साथीदारांसाठी. साध्या एएम-एफएम रेडिओवर मात्र गाणाऱ्याला या देशात काहीच मिळत नाही, फक्त लिहिणाऱ्याला मिळतं. हा अन्याय अजून सुटलेला नाही.

प्रत्येक ठिकाणी वेगळी नोंदणी लागते. स्वतःच मालक आणि स्वतःच कलावंत असलेल्या माणसाचे साउंडएक्स्चेंजमध्ये दोन्ही वाटे असतात, पण अनेक जण एकाचीच नोंद करतात. नवा क्लायंट आला की मी पहिल्या आठवड्यात हेच तपासते. अडकलेले पैसे सुटले की कुणाचं थकलेलं भाडं फिटतं, कुणी नोकरीतली एक पाळी सोडून गाण्याला वेळ देतं.

७. थोडे लोक, पण आपले

स्पॉटिफायनं २०२४ पासून नियम केला आहे की बारा महिन्यांत हजारदा न वाजलेल्या गाण्याला त्या मुद्रणाची रॉयल्टी मिळणार नाही. अशा वेळी निप्सी हसलचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. २०१३ मध्ये लॉस एंजेलिसच्या या रॅपरनं 'क्रेनशॉ' ही मिक्सटेप इंटरनेटवर फुकट दिली आणि तिच्या फक्त १,००० सीडी प्रत्येकी १०० डॉलरला विकायला ठेवल्या. प्रती संपल्या, त्यांतल्या १०० एकट्या जे-झीनं घेतल्या. फुकट मिळणाऱ्या गोष्टीसाठी लोकांनी आनंदानं पैसे मोजले, कारण त्यांना त्या माणसाच्या पाठीशी उभं राहायचं होतं.

आमच्या ओकलंडच्या हायरोग्लिफिक्स या रॅपरांच्या समूहानं हे केव्हाच ओळखलं होतं. त्यांच्यातल्या सोल्स ऑफ मिस्चिफ या गटाला जाइव्हनं दुसऱ्या अल्बमनंतर सोडलं, तेव्हा त्यांनी स्वतःची कंपनी काढली, इंटरनेट नवं होतं तेव्हाच त्यावरून चाहत्यांशी थेट नातं जोडलं आणि १९९८ मध्ये 'थर्ड आय व्हिजन' स्वतःच प्रसिद्ध केला. २०१२ मध्ये त्यांनी शहरात 'हायरो डे' भरवायला सुरुवात केली. त्या दिवशी आईबाप आपल्या मुलांना घेऊन येत आणि दोन्ही पिढ्यांच्या अंगावर तेच तीन डोळ्यांच्या चिन्हाचे टी-शर्ट असत. वलेहोचा रॅपर लारसेल घराच्या अंगणात कार्यक्रम करतो आणि तिकिटाची किंमत ऐकणाऱ्यांवर सोडतो. ही माणसं लाखोंच्या मागे धावली नाहीत. जे आले त्यांना धरून ठेवलं.

८. कराचे पैसे आपले नसतात

पगारातून कर आपोआप कापला जातो. कार्यक्रमाच्या मानधनातून जात नाही. स्वतःचा धंदा करणाऱ्याला इथे आयकराशिवाय १५.३ टक्के स्वयंरोजगार कर भरावा लागतो, आणि तोही वर्षातून चार वेळा अंदाजानं. म्हणून प्रत्येक रकमेतला भाग त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाकायला मी लावते.

एम.सी. हॅमर ओकलंडचाच. ए'ज या बेसबॉल संघाच्या दोन खेळाडूंनी दिलेल्या कर्जावर त्यानं कंपनी सुरू केली, गाडीतून रेकॉर्डी विकल्या, आणि १९९० च्या अल्बमच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या. १९९६ साली त्याला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. लोक त्याला हसतात. मला ते आवडत नाही. त्याच्या पगारपत्रकावर मोठा गोतावळा होता, आणि आपल्या माणसांना काम देण्याची ओढ त्यामागे होती. ती ओढ माझ्या अनेक क्लायंटांत आहे. तिला आवर घालायला मी सांगत नाही, तिच्यासाठी अंदाजपत्रक करायला सांगते.

९. मदत घ्यावी, मालकी देऊ नये

मॅकलमोर आणि रायन लुईस यांनी २०१२ चा 'द हाइस्ट' हा अल्बम स्वतःच्या मालकीचा ठेवला, पण वितरण आणि रेडिओसाठी वॉर्नरच्या यंत्रणेची मदत घेतली. चान्स द रॅपरनं 'कलरिंग बुक' दोन आठवडे फक्त ॲपलला देऊन पाच लाख डॉलर घेतले, ते स्वतः जाहीर केलं, आणि २०१७ मध्ये फक्त स्ट्रीमिंगवर निघालेल्या त्या अल्बमला ग्रॅमी मिळालं. काम कोणतं, मुदत किती, मोबदला काय, हे तीन प्रश्न स्पष्ट असले की मोठ्या कंपनीशी व्यवहार करूनही माणूस आपला मालक राहतो.

१०. मृत्युपत्र करावं

३१ मार्च २०१९ ला निप्सी हसलला त्याच्याच दुकानाबाहेर गोळ्या घालून मारलं. तो ३३ वर्षांचा होता. मास्टर, दुकान, कपड्यांचा व्यवसाय असं पुष्कळ त्यानं उभं केलं होतं, पण मृत्युपत्र नव्हतं. मालमत्तेच्या कारभारासाठी भावाला न्यायालयात अर्ज करावा लागला. तरुण माणसाशी हा विषय काढणं मला जड जातं, तरी मी काढते. कॉपीराइट कलावंताच्या मागे ७० वर्षं टिकतो. तो मुलांपर्यंत नीट पोहोचावा, ही त्यांच्यासाठी केलेली खरी तजवीज.

हल्ली पुण्या-मुंबईकडची रॅप करणारी मुलंही मला विचारतात. तिथले कायदे वेगळे, संस्था वेगळ्या, पण गाणं जगभर पोहोचवणारे वितरक बरेचसे तेच आहेत. इथे येणाऱ्यांना जे सांगते तेच मी त्यांनाही सांगते: पुढचं गाणं बाहेर काढण्याआधी तीन कागद तयार ठेवा. वाटणीचं पान, वितरकाचा पूर्ण वाचलेला करार, आणि आपल्या प्रत्येक मुद्रणाची यादी, ज्यात मालकाच्या रकान्यात तुमचं नाव आहे. हिपहॉप उभं करणाऱ्या पहिल्या पिढीतल्या कितीतरी जणांच्या हाती ही मालकी राहिली नाही. तुमच्या हाती ती राहू शकते, आणि त्यासाठी लागणारा वेळ एका गाण्याच्या मिक्सिंगपेक्षा जास्त नाही.