पटाच्या बैलाची वंशावळ वाचताना

संक्रांत सरली की गोंदिया-भंडाऱ्याकडे गावोगाव शंकरपट भरतात. दिवसा दाणीवर बैलजोड्या धावतात, रात्री झाडीपट्टीचं नाटक रंगतं, आणि मधल्या वेळात गोऱ्ह्यांचे सौदे होतात. या सौद्यांत सगळ्यात जास्त भाव खातं ते बापाचं नाव. ‘अमक्या सांडाचा गोऱ्हा आहे’ एवढं म्हटलं की किंमत चढते. अर्जुनी मोरगावकडच्या आमच्या भागात एका सांडाची अशीच लाट आली होती. त्याचे दोन-तीन गोऱ्हे पट गाजवत होते, म्हणून गावातल्या बहुतेकांनी गाई त्याच्याकडेच नेल्या. आमच्या घरच्याही गेल्या.

गाय सव्वा नऊ महिने गाभण राहते आणि गोऱ्हा दाणीवर उतरायला पुढे तीन-चार वर्षं लागतात. तेव्हा निवड बरी होती की वाईट, हे कळेपर्यंत पाच वर्षं हातची गेलेली असतात. आमच्याकडचे गोऱ्हे देखणे निघाले, खांदाही भरला, पण धाव साधारणच. शेजाऱ्यांचंही तेच. मग मी त्या सांडाची जमतील तेवढी सगळी पोरं शोधायला लागलो आणि चित्र उघड झालं. जिंकणारे दोन-तीन सगळ्यांना ठाऊक होते. बाकीचे धानाच्या बांधीत चिखलणी करत होते, काही बाजारात विकले गेले होते. त्यांची मोजणी कुणीच ठेवली नव्हती.

सांड निवडणाऱ्याला माझं पहिलं सांगणं हेच आहे: जिंकलेले किती हे विचारू नका, एकूण झाले किती आणि त्यातले जिंकले किती, हे विचारा. समजा एका सांडाचे 80 गोऱ्हे झाले आणि 8 नावाजले, दुसऱ्याचे 12 झाले आणि 3 नावाजले. पटावर पहिल्याचंच नाव गाजेल, पण दहात एक आणि चारात एक यांत फरक आहे. तरी दुसऱ्याकडेही लगेच धावू नका. बारांतले तीन हा नशिबाचाही खेळ असू शकतो. त्यांतला एक गोऱ्हा लहानपणी मेला असता तर हिशेब लगेच बदलला असता. थोड्या पिल्लांवरून काढलेलं प्रमाण पेन्सिलीनेच लिहावं.

दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. नावाजलेल्या सांडाकडे गावातल्या उत्तम गाई जातात. त्याच्या गोऱ्ह्याला ढेप, चुनी, दूध मिळतं आणि त्याला अनुभवी धुरकरी शिकवतो. साध्या सांडाचा गोऱ्हा तणसावर वाढतो. दोघं दाणीवर उतरले की पहिला जिंकतो आणि श्रेय सारं बापाला जातं. खरी तुलना करायची तर एकाच घरातले, एकाच खुराकावर वाढलेले, वेगवेगळ्या बापांचे गोऱ्हे बघा. असे चार जरी सापडले, तरी ते भरल्या पटाच्या गर्जनेपेक्षा जास्त सांगतात.

आणि माय? आमच्याकडचा एक वयस्क धुरकरी म्हणायचा, ‘‘बापाचं नाव सारेच सांगतेत, मायचं कोनी इचारत नाही.’’ गोऱ्ह्याला निम्मा वारसा गाईकडून येतो, तरी आपल्या तोंडी वंशावळीत गाय नसतेच. घोड्यांच्या जगात याचं मोठं उदाहरण आहे. अमेरिकेतल्या सेक्रेटॅरिएटने 1973 साली बेलमाँट स्टेक्स 31 लांबींनी जिंकली. त्याच्या मुलांकडून लोकांनी त्याच तोडीची अपेक्षा धरली आणि बहुतांशी ती पुरी झाली नाही. पण त्याच्या मुलींच्या पोटी ए. पी. इंडी आणि स्टॉर्म कॅट जन्मले आणि पुढे दोघेही फार मोठे प्रजनक ठरले. खच्ची केलेला बैल कितीही पट जिंको, त्याचा वंश पुढे जात नाही. त्याचा गुण हवा असेल तर त्याच्या मायकडे आणि बहिणींकडेच जावं लागतं. म्हणून जिंकलेला बैल पाहिला की मी आता आधी विचारतो, याची बहीण कुणाच्या गोठ्यात आहे?

मुळात बाप तोच आहे का, हेही बघायला हवं. शर्यतीच्या घोड्यांची नोंद भारतात पुण्याच्या स्टड बुक कार्यालयात होते, आणि शिंगराचे आईबाप आता डीएनए तपासून पक्के केले जातात. आपल्याकडे गाय ढोरकीबरोबर गोहनात, म्हणजे गावच्या कळपात, जाते, तिथे तीन-चार सांड मोकळे असतात, आणि वासरू झालं की त्यातल्या नावाजलेल्याचं नाव लावलं जातं. अशा वंशावळीवर कितीही बारीक गणित केलं तरी पाया कच्चाच राहतो. गाय माजावर आली की ती बांधून ठेवा, ठरवलेल्याच सांडाकडे न्या आणि तारीख लिहा. कृत्रिम रेतन केलं तर वळूचा क्रमांक मागून घ्या. कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक वहीत हवाच, कारण गाय विकली गेली तरी तो बदलत नाही.

एकाच सांडाच्या लाटेचा सगळ्यात मोठा धोका मला उशिरा दिसला. त्याच्या कालवडी तीन वर्षांच्या झाल्या, गोहनात तोच सांड अजून होता आणि त्या त्याच्यापासूनच गाभण राहू लागल्या. आनुवंशशास्त्रज्ञ सिवॉल राइटने 1922 साली मांडलेल्या हिशेबाने बाप आणि मुलीच्या वासरात अंतःप्रजननाचं प्रमाण 25 टक्के येतं, सावत्र भावंडांच्या वासरात साडेबारा, चुलत-मावस भावंडांच्या वासरात सव्वासहा. गाई उलटायला लागल्या, वासरं खुरटी निघाली, आणि लोक चाऱ्याला दोष देत राहिले. मुली वयात यायच्या आत सांड दुसऱ्या गावाशी बदलावा. मी स्वतः सव्वासहाच्या वरचा मेळ टाळतो, मग सांड कितीही नावाचा असो.

जुन्या नोंदी वाचताना एक खंड लक्षात ठेवा. सर्वोच्च न्यायालयाच्या 7 मे 2014 च्या निकालाने शर्यती थांबल्या. 16 डिसेंबर 2021 ला पुन्हा परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले. मधल्या वर्षांत वयात आलेले बैल दाणीवर धावलेच नाहीत. त्यांच्या नावापुढे जिंकल्याची नोंद नाही, म्हणून ते वाईट ठरत नाहीत. त्या काळातल्या चांगल्या गाई मी पाय आणि खूर बघून, त्यांच्या पोटची वासरं बघून निवडल्या.

पट वर्षातले मोजके दिवस असतो, बांधी दरवर्षी असते. आपल्या भागातली कठाणी जात ठेंगणी, पण दमट उन्हात आणि चिखलात टिकणारी आहे. धावेपायी प्रत्येक गाय बाहेरच्या सांडाकडे नेली तर दहा वर्षांनी आपल्याकडे शुद्ध कठाणी कालवड शोधावी लागेल. गवळाऊ हवा असेल तर जरूर आणा, वर्ध्याकडची ती चपळ जात आहे. पण गोठ्यातल्या निम्म्या गाई तरी कठाणी सांडासाठीच राखा आणि त्यांची पानं वहीत वेगळी ठेवा. प्रत्येक पानावर वासरू, माय, मायची माय, बाप, जन्मतारीख, पुढे काय झालं, एवढं लिहा. मेलं असेल किंवा विकलं असेल तर तेही लिहा.