मुलांच्या खांद्यावर कमाईचे ओझे

पवित्र कुरआनच्या 'बनी इस्राईल' या सूरहच्या ३१व्या आयतीत दारिद्र्याच्या भीतीने संततीचा जीव घेण्यास मनाई केली आहे आणि उपजीविकेची हमी अल्लाहने स्वतःकडे घेतली आहे. आयतीचा विषय हत्येचा आहे. परंतु दारिद्र्याच्या भीतीने मुलाचे बालपण व शिक्षण हिरावून घेणाऱ्यानेही तिच्यापुढे क्षणभर थांबावे.

आपल्या रत्नागिरीत ही भीती हंगामाप्रमाणे येते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. हातात पैसा नसला की नौकामालकाकडून उचल घेतली जाते. ऑगस्टमध्ये मिरकरवाड्याच्या नौका समुद्रात निघतात, तेव्हा शाळा सुरू होऊन जेमतेम दीड-दोन महिने झालेले असतात. उचल फेडायला आणखी दोन हात हवेत, म्हणून मुलगा वर्गातून उठतो. इकडे बागांत आंबा उतरवण्याची घाई मार्च ते मे या काळात असते, आणि वार्षिक परीक्षाही तेव्हाच येते.

आदरणीय उस्मान (रजि.) यांनी आपल्या एका खुतब्यात लहान मुलावर कमाईची सक्ती करू नका, असे बजावले होते. इमाम मालिक (रह.) यांच्या 'मुवत्ता'त हे नमूद आहे. कारणही त्यांनी सांगितले: कमाई मिळाली नाही, तर मूल चोरी करील. म्हणजे सक्तीचे ओझे मुलाच्या पाठीबरोबर त्याचे चारित्र्यही वाकवते, आणि त्याचा जाब सक्ती करणाऱ्यालाच द्यावा लागेल.

धोक्याच्या कामाबाबत प्रेषित (स.) यांचा आदर्श स्पष्ट आहे. उहुदच्या वेळी इब्ने उमर (रजि.) चौदा वर्षांचे होते; त्यांची तयारी असूनही प्रेषितांनी परवानगी दिली नाही. पंधराव्या वर्षी, खंदकच्या वेळी, ती दिली. मुलाचा उत्साह पुरेसा नाही, वयही पाहावे लागते. मग रात्रीच्या खवळलेल्या समुद्रात मुलाला पाठवताना आपण काय पाहतो?

काहीजण म्हणतील, माननीय अनस (रजि.) लहानपणापासून सेवेत नव्हते काय? होते. त्यांच्या मातेने दहाव्या वर्षी त्यांना प्रेषितांच्या सेवेत आणले. परंतु दहा वर्षांत त्यांना 'उफ्' हा शब्दही ऐकावा लागला नाही, आणि त्या घरातून ते हदीसचे थोर विद्वान होऊन बाहेर पडले. ज्या कामाने मूल घडते ते संगोपन. ज्याने खचते ते शोषण.

देशाचा कायदाही हेच सांगतो. २०१६च्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास, आणि अठरा वर्षांखालील मुलांना धोक्याच्या कामास मनाई आहे. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या बिनधोक कामात मदत करता येते.

पण केवळ मनाईने उचल फिटत नाही. सूरह तौबाच्या ६०व्या आयतीत जकातीच्या हक्कदारांमध्ये गरिबांबरोबर कर्जदारही आहेत. मोहल्ल्याच्या जमाअतीने जून-जुलैतच अशी घरे शोधावीत, पात्र कुटुंबाची उचल जकातीतून फेडावी आणि मुलाचे नाव शाळेत टिकवावे. नौकामालक व बागायतदारांनी मुलाला कामावर न ठेवता बापाला पुरती मजुरी द्यावी. संकटातील मुलासाठी १०९८ हा क्रमांक विनामूल्य आहे.

अल्लाह आपल्याला ही अमानत सांभाळण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.